फोनमधली पाकिटे: पगाराच्या दिवशीच घरखर्च वाटून ठेवायची पद्धत

पगार रोखीत मिळायचा तेव्हा घरी आल्याबरोबर नोटा वेगवेगळ्या पाकिटांत पडायच्या. दुधाचे, वाण्याचे, भाड्याचे, शाळेचे. वाण्याचे पाकीट पातळ झाले की हाताला कळायचे. आता पगार खात्यात येतो आणि कोथिंबिरीच्या जुडीपासून रिक्षापर्यंत सगळे क्यूआर कोडवर जाते. बँकेच्या ॲपमध्ये ४१ हजार दिसतात, पण त्यातले २४ हजार पाच तारखेच्या हप्त्याचे आहेत आणि काही हजार मुलांच्या जूनमधल्या पुस्तकांचे आहेत, हे तो आकडा सांगत नाही.

डिजिटल पाकिटांचे ॲप ही वाटणी परत डोळ्यांसमोर आणते. पैसे एकाच बँक खात्यात राहतात, ॲपमध्ये फक्त कोणता रुपया कशासाठी हे लिहिलेले असते. बहुतेक नवखे लोक इथेच गोंधळतात. ते ॲप डायरीसारखे वापरतात: खर्च झाला की लिहायचा आणि महिनाअखेरीला एकूण बघून हळहळायचे. पाकीट पद्धतीत खर्चाच्या आधी पाकीट उघडून आत किती उरले ते बघायचे असते. ही सवय लागली तर ॲपचा उपयोग आहे.

१. आधी हे जवळ घ्या

ॲप डाउनलोड करण्याआधी एक दुपार कागदांसाठी काढा. लागेल ते असे:

- पगार खात्याचे आणि घरखर्चाच्या खात्याचे मागच्या १२ महिन्यांचे स्टेटमेंट. तीन महिन्यांचे पुरत नाही, कारण वर्षातून एकदा येणारे खर्च त्यात सापडत नाहीत.
- क्रेडिट कार्ड असेल तर त्याची शेवटची तीन बिले.
- यूपीआय ॲपमधली व्यवहारांची यादी आणि त्याच ॲपमधली ऑटोपेची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची, यादी. बंद केले असे वाटणारी एखादी सदस्यता तिथे जिवंत सापडते.
- मिळकत कराचे (घरपट्टीचे) बिल, आरोग्य विमा आणि गाडीच्या विम्याच्या पॉलिसी, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, शाळेच्या फीचे वेळापत्रक.
- कोरा कागद. पहिला हिशेब कागदावरच करा, ॲपमध्ये आकडे नंतर भरा.

घरात दोघे खर्च करत असतील तर या दुपारी दोघांनीही बसायला हवे. एकाने बनवलेले बजेट दुसरा पाळत नाही, आणि त्यात दुसऱ्याची चूकही नसते. ठरवताना त्याला विचारलेच नव्हते.

२. ॲप निवडताना काय बघायचे

गुडबजेट हे पाकीट पद्धतीवरच बांधलेले ॲप आहे आणि नवख्यांसाठी सोपे आहे. मोफत योजनेत पाकिटांची, खात्यांची आणि उपकरणांची संख्या मर्यादित असते. एका घराला ती पुरते, फक्त पाकिटे विचार करून ठरवावी लागतात. एकच लॉगिन नवरा-बायकोच्या दोन्ही फोनवर चालते आणि नोंदी आपोआप जुळतात. संगणकाची आवड असेल तर ॲक्चुअल बजेट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, पण दोन्ही फोनवर नोंदी जुळवायच्या तर ते सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असलेल्या संगणकावर, बसवण्याची तयारी लागते.

कोणतेही ॲप असो, चार गोष्टी तपासा: पाकिटात उरलेले पैसे पुढच्या महिन्यात आपोआप जातात का, एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे हलवता येतात का, एक बिल दोन-तीन पाकिटांत विभागता येते का, आणि सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घेता येतात का. पहिली सोय नसेल तर ते ॲप सोडून द्या. वार्षिक खर्चांची साठवण त्याच्यावरच उभी आहे.

सावधगिरीचे दोन शब्द. हाताने नोंद करायच्या ॲपला तुमचे एसएमएस, संपर्क किंवा फोटो वाचायची गरज नसते. तशी परवानगी मागितली तर नाकारा, आणि त्याशिवाय ॲप चालतच नसेल तर काढून टाका. खर्चाचा हिशेब ठेवतो असे सांगून आत शिरल्यावर कर्ज देऊ करणारी ॲपही असतात. नेटबँकिंगचा पासवर्ड, ओटीपी आणि यूपीआय पिन खर्च नोंदवायला कधीही लागत नाही.

३. वर्षातून एकदा येणारे खर्च सगळ्यात आधी

बजेट मोडते ते वाणसामानामुळे क्वचितच. ते मोडते मे-जूनमध्ये, जेव्हा मिळकत कर, शाळा आणि उन्हाळ्याचे वाढलेले वीजबिल एका पाठोपाठ येतात. पुन्हा मोडते गणपती ते दिवाळी या दिवसांत. हे खर्च अचानक येत नाहीत. त्यांचा महिना ठरलेला असतो, फक्त त्यासाठी आधीपासून पैसे बाजूला पडलेले नसतात.

म्हणून १२ महिन्यांच्या स्टेटमेंटमधून असे सगळे खर्च वेगळे काढा आणि प्रत्येकाला १२ ने भागा. महिन्याला ७८,००० रुपये हातात येणाऱ्या, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चौघांच्या घराचा नमुना घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला:

- मिळकत कर १४,४००, महिन्याला १,२००
- आरोग्य विमा २६,४००, महिन्याला २,२००
- दोन दुचाकींचा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग ९,६००, महिन्याला ८००
- जूनमधली पुस्तके, वह्या, गणवेश, दप्तर १८,०००, महिन्याला १,५००
- गणपती आणि दिवाळी २४,०००, महिन्याला २,०००
- गावाला जाणे किंवा सहल १२,०००, महिन्याला १,०००
- लग्नकार्य आणि आहेर ६,०००, महिन्याला ५००

वर्षाचे १,१०,४००, म्हणजे महिन्याला ९,२००. हा आकडा पहिल्यांदा बघताना धक्का बसतो. आजवर हे पैसे एफडी मोडून, कार्डावर टाकून किंवा भिशीचा नंबर लागण्याची वाट बघून उभे होत होते.

पुणेकरांनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. महापालिकेचा मिळकत कर वर्षात दोन सहामाही हप्त्यांत भरता येतो, पण बिल आल्यावर सवलतीच्या मुदतीत पूर्ण वर्षाचा भरला तर सर्वसाधारण करात सूट मिळते. थकला तर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. पाकिटात वर्षभराचे पैसे तयार असतील तर ही सूट तुमची, नाहीतर शास्ती तुमची. दुसरी गोष्ट, महावितरण वर्षातून एकदा आपल्या सरासरी वापरावरून सुरक्षा ठेव किती हवी ते पुन्हा ठरवते आणि फरकाचे वेगळे बिल पाठवते. नेहमीच्या बिलाशेजारी ते पाहून अनेकांना चूक झाली असे वाटते. ते खरे बिल आहे. वीज-गॅसच्या पाकिटात सरासरीपेक्षा शे-दोनशे जास्त टाकत राहिलात तर तेही निघून जाते.

*मध्येच सुरुवात करताना*

१२ ने भागायचे गणित तेव्हाच चालते, जेव्हा पूर्ण १२ महिने हातात असतात. जानेवारीत सुरुवात करून शाळेच्या पाकिटात १,५०० टाकू लागलात तर जूनपर्यंत पाचच पगार मिळतात आणि साठतात ७,५००. लागतात १८,०००.

उपाय असा: मागच्या वेळी तो खर्च झाल्यापासून किती महिने गेले ते मोजा आणि तेवढ्या महिन्यांचे पैसे बचतीतून पहिल्याच दिवशी पाकिटात घाला. शाळेचा खर्च मागच्या जूनमध्ये झाला, डिसेंबरअखेर सात महिने झाले, म्हणून १०,५०० आजच घालायचे. उरलेले ७,५०० पाच महिन्यांत येतात. मिळकत कर मागच्या मे महिन्यात भरला असेल तर आठ महिन्यांचे ९,६०० आज, आणि पुढच्या चार पगारांतून ४,८००.

एवढी बचत नसेल तर निराश होऊन सोडू नका. पहिल्या वर्षी सहल आणि आहेराची पाकिटे रिकामी ठेवा, सणाचा आकडा निम्मा करा आणि जो खर्च तारखेने सगळ्यात जवळ आहे त्याचे पाकीट आधी भरा. दुसऱ्या वर्षापासून गाडी रुळावर येते.

४. महिन्याची पाकिटे: दहाच्या आसपास थांबा

उत्साहात लोक चाळीस पाकिटे बनवतात. चहा वेगळा, बिस्किटे वेगळी, इस्त्री वेगळी. दोन आठवड्यांत नोंद करणे जड होते आणि ॲप उघडणे बंद होते. पाकीट तिथेच बनवा जिथे हात आखडता घेता येतो. गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याला तेवढाच जाणार, मग त्याला, मेंटेनन्सला आणि इंटरनेटला तीन पाकिटे कशाला?

त्याच नमुना घराची मासिक पाकिटे:

- ठरलेले खर्च ३९,००० (हप्ता २४,०००, शाळेची फी ५,०००, घरकामाच्या मावशी ३,०००, दूध ३,०००, सोसायटी २,५००, मोबाइल आणि इंटरनेट १,५००)
- वीज आणि पाइप गॅस २,४००
- वाणसामान ७,५००
- भाजी आणि फळे ४,५००
- पेट्रोल, बस, मेट्रो, रिक्षा ४,०००
- डॉक्टर आणि औषधे १,५००
- बाहेरचे खाणे २,५००
- कपडे आणि घरातल्या वस्तू १,५००
- हातखर्च, दोघांचा वेगवेगळा, प्रत्येकी १,५००

बेरीज ६५,९००. वार्षिक खर्चाचे ९,२०० मिळवले की ७५,१००. उरलेल्या २,९०० पैकी २,००० आपत्कालीन पाकिटात आणि ९०० 'ऐनवेळचे' या पाकिटात. एकूण १९ पाकिटे आणि ७८,००० पैकी एकही रुपया बिननावाचा नाही. तुमच्या घरी एसआयपी (म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक) असेल तर तीही ठरलेल्या खर्चांत धरा, उरले तर करू असे म्हणून बाहेर ठेवू नका.

काही सोसायट्या मेंटेनन्स तीन महिन्यांनी घेतात. बिल ७,५०० चे असेल तरी पाकिटात दर महिन्याला २,५०० टाकायचे आणि बिलाच्या महिन्यात एकदम काढायचे. गॅसचे बिलही दर महिन्याला येत नसेल तर तसेच.

हातखर्चाच्या पाकिटांवर कात्री लावू नका. त्यातून कोणी काय घेतले हे दुसऱ्याने विचारायचे नाही, असा नियम करा. सगळ्या घराचा हिशेब उघडा असताना एवढी मोकळीक दोघांनाही लागते. ती नसेल तर खर्च लपवले जातात आणि ताळा कधीच जमत नाही.

५. पहिली भरणी

ॲपमध्ये खाते बनवा आणि सुरुवातीची शिल्लक म्हणून आज खरोखर हातात असलेले पैसे लिहा: बँकेतली शिल्लक अधिक घरातली रोकड, अधिक यूपीआय लाइटमधली शिल्लक (त्याविषयी सातव्या भागात), वजा क्रेडिट कार्डाचे न भरलेले बिल. मग पाकिटांची नावे मराठीतच लिहा. 'ग्रोसरी'पेक्षा 'वाणसामान' घरातल्या सगळ्यांना पटकन सापडते.

आता पगार झालेल्या दिवशी पाकिटे भरायची. गुडबजेटमधल्या 'फिल एन्व्हलप्स' (पाकिटे भरा) या पर्यायात आकडे एकदा ठरवून ठेवले की पुढच्या महिन्यापासून दोन मिनिटांचे काम उरते.

येणार असलेले पैसे पाकिटात घालू नका. बोनस ठरला आहे, भाचीने घेतलेले पाच हजार पुढच्या आठवड्यात मिळणार आहेत, रिफंड निघाला आहे, हे सगळे खात्यात जमा होईपर्यंत नाही असेच समजा. आणि पगार प्रत्यक्ष किती जमा झाला ते बघून भरा. महाराष्ट्रात व्यवसाय कर बहुतेक पगारदारांचा महिन्याला २०० कापला जातो, पण फेब्रुवारीत ३००. मार्चच्या आसपास प्राप्तिकराची कपात वाढली तर फरक हजारांत जातो. कमी आलेली रक्कम कोणत्या पाकिटातून वजा करायची हे भरणीच्या वेळीच ठरवा.

६. नोंद: दुकानाच्या दारातच

पैसे दिले की पिशवी उचलण्याआधी नोंद. रक्कम, पाकीट, दुकान, एवढेच. रात्री आठवून लिहू म्हटले की चाळीस आणि साठ रुपयांचे व्यवहार निसटतात, आणि भाजीचे पाकीट तेवढ्यांनीच फुगते.

डी-मार्टच्या बिलात तांदूळ, साबण, टॉवेल आणि मुलाची चप्पल एकत्र असते. अख्खे बिल वाणसामानात टाकले तर महिनाअखेरीला वाणसामान का वाढले ते कळणार नाही. 'मल्टिपल एन्व्हलप्स' असा पर्याय वापरून विभागा. दहा-वीस रुपयांची अचूकता नको, मोठ्या वस्तू वेगळ्या निघाल्या की पुरे.

चौघांनी जेवायला जाऊन २,४०० चे बिल तुम्ही दिले आणि तिघांकडून १,८०० परत आले, तर आधी २,४०० खर्च नोंदवा आणि आलेले १,८०० त्याच पाकिटात परत जमा करा. ते उत्पन्न म्हणून लिहिले तर बाहेरच्या खाण्याचे पाकीट उगाचच रिकामे दिसेल आणि उत्पन्न वाढल्यासारखे वाटेल. परत केलेल्या कपड्यांच्या रिफंडचेही असेच.

७. तीन ठिकाणी हिशेब हमखास चुकतो

*यूपीआय लाइट.* हा यूपीआय ॲपमधला छोटा बटवा, त्यात आधी पैसे भरून ठेवायचे. एका व्यवहाराला १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता पैसे जातात, म्हणून भाजी-रिक्षाला ते सोयीचे. पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक नोंद दिसते, त्यातून झालेले बारीक खर्च दिसत नाहीत. ते यूपीआय ॲपच्या यादीत बघावे लागतात. लाइटमध्ये २,००० भरले म्हणजे खर्च झाला असे लिहू नका. ते पैसे रोकडीसारखे तुमच्याच खिशात आहेत. प्रत्येक खर्च वेगळा नोंदवा.

*क्रेडिट कार्ड.* कार्डावर ३,००० चे वाणसामान घेतले तर त्याच दिवशी वाणसामानाच्या पाकिटातून ३,००० वजा करा. मग महिन्याने कार्डाचे बिल भरताना ते पुन्हा खर्च म्हणून लिहायचे नाही. ॲपमध्ये कार्डाचे वेगळे खाते असेल तर बँकेतून कार्डाकडे हस्तांतर दाखवा, एकच खाते असेल तर काहीच लिहू नका. दोनदा लिहिले की ॲपमध्ये पैसे कमी आणि बँकेत जास्त दिसतात. जुनी थकबाकी असेल तर मात्र ती फेडण्यासाठी वेगळे पाकीट लागते आणि आपत्कालीन पाकिटाआधी ते भरावे, कारण कार्डाचे व्याज कोणत्याही बचतीच्या व्याजापेक्षा कितीतरी जास्त असते.

*एटीएममधून काढलेली रोकड.* मंडईत किंवा मार्केट यार्डात जाताना काढलेले २,००० म्हणजे खर्च नव्हे. ते बँकेतून खिशात आले. त्यातून भाजी घेतली की भाजी लिहा. मेट्रो कार्डात किंवा फास्टॅगमध्ये भरलेले पैसे मात्र भरतानाच प्रवासखर्च म्हणून लिहून मोकळे व्हा. तिथली शिल्लक रोज मोजत बसण्यात अर्थ नाही.

८. रविवारचा ताळा

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे, दोघांनी मिळून. गणित एका ओळीचे आहे: बँकेतली शिल्लक, अधिक रोकड, अधिक यूपीआय लाइटमधली शिल्लक, वजा कार्डावर साठलेली रक्कम. हे उत्तर ॲपमधल्या सगळ्या पाकिटांच्या बेरजेइतके यायला हवे.

उदाहरण: बँकेत ४१,२६०, रोख १,८५०, लाइटमध्ये ६४०, कार्डावर ६,३००. उत्तर ३७,४५०. ॲप ३७,७९० दाखवत असेल तर ३४० रुपयांची नोंद राहिली. आधी लाइटची यादी बघा, मग ऑटोपे, मग दुसऱ्याच्या फोनवरची रोख खरेदी. फरक उलट्या बाजूचा असेल, म्हणजे ॲपमध्ये कमी, तर एखादी नोंद दोघांनीही केलेली असते. दूध आणि पेट्रोलच्या बाबतीत हे फार होते.

दहा मिनिटांत सापडले नाही तर 'ऐनवेळचे' पाकिटातून तेवढी रक्कम वजा करून पुढे चला. ३४० रुपयांसाठी रविवार घालवला तर पुढच्या रविवारी कोणी बसणार नाही. पण सलग तीन आठवडे फरक येत असेल तर नोंदीची सवयच कुठेतरी तुटली आहे, ती शोधा.

९. पाकीट संपले तर

२३ तारखेला भाजीचे पाकीट शून्यावर आले. भाजी तर लागणारच. मग दुसऱ्या पाकिटातून पैसे हलवा, पण भाजी घेण्याआधी आणि दोघांना माहीत असताना. बाहेरच्या खाण्यातून ६०० काढले तर त्या महिन्यात एक जेवण कमी, हे लगेच दिसते. पाकीट उणे जाऊ दिले तर ते पैसे कोणाच्या वाटणीचे गेले हे कोणालाच कळत नाही, आणि बहुतेक वेळा ते गेलेले असतात शाळेच्या किंवा कराच्या साठवणीतून.

हलवताना क्रम ठेवा: आधी 'ऐनवेळचे', मग बाहेरचे खाणे आणि कपडे, मग सहल. मिळकत कर, विमा आणि शाळेच्या पाकिटांना हात लावायचा नाही. आपत्कालीन पाकीट दवाखाना, नोकरी किंवा अचानकच्या प्रवासासाठी, सेलमधल्या मिक्सरसाठी नाही.

एकच पाकीट तीन महिने अपुरे पडत असेल तर तुमचा आकडाच चुकला आहे. तो वाढवा आणि दुसरीकडे कमी करा. पहिल्या तीन महिन्यांचे आकडे कोणाचेच बरोबर येत नाहीत. शिवाय काही पाकिटे ऋतूप्रमाणे हलतात. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात आणि श्रावणात साबुदाणा, वरई, शेंगदाणे, फळे यांचा खप वाढतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत भाजी आणि वाणसामानाला हजारभर जास्त द्या आणि ते बाहेरच्या खाण्यातून घ्या.

१०. ठरलेला पगार नसेल तर

रिक्षा, दुकान, शिकवण्या, फ्रीलान्स काम, जिथे पैसे तुकड्यांनी येतात, तिथे पाकिटांना क्रमांक द्या. पहिल्या क्रमांकाला घरभाडे किंवा हप्ता, मग वीज-गॅस आणि वाणसामान, मग शाळा आणि विमा, शेवटी बाकीचे. पैसे जमा झाले की त्याच दिवशी वरून खाली भरत जा. १२,००० आले आणि भाड्याचे पाकीट ९,००० वर असेल, भाडे १५,००० असेल, तर पहिले ६,००० तिकडे आणि उरलेले खालच्या पाकिटांत. व्यवसायाचे पैसे याच खात्यात येत असतील तर माल आणि कराचे पैसे आधी वेगळे काढा, त्यांना घराच्या पाकिटांत जागा नाही.

चांगला महिना आला की जास्तीचे पैसे 'पुढचा महिना' नावाच्या पाकिटात टाका. त्यात एका पूर्ण महिन्याचा खर्च साठला की दर एक तारखेला तिथूनच भरणी करता येते आणि या महिन्याची कमाई पुढच्या महिन्यासाठी बाजूला पडते. तिथवर पोचायला सहा महिने लागोत की दीड वर्ष, दर जमेतून ठरावीक शंभर-दोनशे रुपये त्या पाकिटात जात राहिले पाहिजेत.

दर तीन महिन्यांनी सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून ठेवा. गुडबजेटच्या मोफत योजनेत जुना इतिहास मर्यादित काळच दिसतो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वार्षिक खर्चांची यादी नव्याने करताना गेल्या वर्षीचा खरा आकडा हाताशी लागतो. विम्याचा नवा हप्ता आणि शाळेची नवी फी कळली की त्याच आठवड्यात १२ ने भागलेला आकडा बदला.